सौंसरचं लुगडं, बोरगावचा सूट

सौंसर तालुक्यात बोरगावला औद्योगिक वसाहत आहे. रेमंडचा कारखाना तिथं १९९१ मध्ये उभा राहिला. देशभरातल्या लग्नांत, मुलाखतींत आणि निरोपसमारंभांत ज्या सुटांना इस्त्री केली जाते, त्यांतल्या कित्येकांचं कापड तेव्हापासून या संत्र्या-कपाशीच्या मुलखातून जातं. खुद्द सौंसरचं नाव मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कापडाशी जोडलेलं आहे. मध्य प्रदेशातली हातमागाची गावं मोजताना चंदेरी, महेश्वर, वारासिवनी यांच्या पंगतीत सौंसरही बसतं. गंमत अशी, की बोरगावच्या कापडाला शिंप्याची कात्री लागल्याशिवाय ते कुणाच्या उपयोगाचं नाही. मागावरून उतरलेलं लुगडं मात्र घडी मोडली की तसंच अंगावर जायचं. त्याला कात्री लावायचा प्रश्नच नव्हता. चारचौघांत जाताना अंगावर काय असावं, ते नीट बसावं कसं आणि ऐनवेळी सुटू नये म्हणून काय करावं, याची दोन अगदी वेगळी उत्तरं एकाच तालुक्यात सापडतात.

हा तालुका आणि शेजारचा पांढुर्णा मिळून २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. त्याआधी दोन्ही छिंदवाड्यात होते. इंग्रजी अमदानीतली वर्णनं छिंदवाड्याचे दोन तुकडे पाडतात: सातपुड्याच्या माथ्यावरचा बालाघाट आणि घाटाखालचा सखल झेरघाट. पांढुर्णा-सौंसर हा झेरघाटाचा भाग, त्यामुळे त्याची उतरण नागपूरकडे आणि बाजारही नागपूरचाच. देवगडच्या गोंड राजांचं राज्य अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांच्या हाती गेलं आणि १८५४ मध्ये डलहौसीनं भोसल्यांचं राज्य खालसा केलं. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि झेरघाट मध्य प्रदेशात राहिला. सरहद्द पडली, तरी लग्नाचा बस्ता बांधायला लोक नागपूरलाच जात राहिले. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्णा दरवर्षी वर्तमानपत्रांत झळकतं. त्याच गावातल्या बायकांच्या लुगड्यांबद्दल कुणी चार ओळी लिहिल्याचं सहसा दिसत नाही.

नागपूरचा जुना हातधंदा म्हणजे रेशीमकाठी सुती कापड. तो चालवणारे मुख्यतः कोष्टी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातिजमातींवर १९१६ मध्ये चार खंड काढले. त्यांत कोष्टी ही रेशीम आणि तलम सुती कापड विणणारी जात म्हणून नोंदलेली आहे. कोष्टीकामातला निम्मा घाम मागावर बसण्याआधीच गळतो. ताण्याला खळ लावून, उन्हात ताणून, कुंच्यानं सूत न् सूत मोकळं करायचं, त्याला पाजणी म्हणतात. ती बिघडली तर धागे तुटतात, आणि नीट झाली तर नव्या लुगड्याला असा कडकपणा येतो की खोचलेली निरी जागची हलत नाही. म्हणजे लुगडं कमरेवर टिकण्याची तयारी अंगणातल्या पाजणीपासूनच सुरू व्हायची. विदर्भातल्या करवतकाठी साड्यांना आता भौगोलिक मानांकन आहे. त्यांच्या काठावरचे करवतीसारखे दाते अंगाचा आणि काठाचा रंग एकमेकांत गुंतवून विणावे लागतात, त्यासाठी तीन धोटे चालवावे लागतात.

नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडं कमी. जुन्या बायका हातानं मोजत, त्या मापानं ते अठरा हाती लुगडं. आठ मीटर कापड, त्याला एक बटण नाही, नाडी नाही, टाका नाही, आणि तरीही ते नेसून बाई दिवसभर कपाशी वेचते, विहिरीतून पाणी ओढते, संध्याकाळी त्याच प्रकारच्या पण ठेवणीतल्या लुगड्यात कुणाच्या तरी मांडवात उभी राहते. हे कसं जमतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. एक टोक कमरेभोवती घेऊन समोर गाठ मारायची. बाकीचं कापड फिरवून पदर खांद्यावर टाकायचा आणि तो किती लांब हवा हे तिथंच ठरवायचं. मध्ये जे उरेल त्याच्या निऱ्या करून पोटाशी खोचायच्या. मग निऱ्यांचा खालचा मधला काठ उचलून दोन्ही पायांमधून मागे न्यायचा, त्याच्या चुण्या करायच्या आणि त्या पाठीमागे कमरेत खोचायच्या. हा झाला काष्टा.

यात सगळा भार एका गाठीवर नसतो. चालताना, वाकताना, उकिडवं बसताना जी ओढ लागते ती पुढच्या खोचणीवर, मागच्या खोचणीवर आणि कमरेभोवतीच्या वेढ्यांवर वाटली जाते. एखादी निरी सुटली तरी लुगडं सुटत नाही, हाताच्या एका झटक्यानं ती परत आत जाते. पाय दोन वेगळ्या खोळींत असल्यासारखे मोकळे राहतात, म्हणून बांधावरून उडी मारता येते. पोटापुढे जो घोळ उरतो त्यात कापसाची बोंडं मावतात, तूर मावते, बाजारातून आणलेली भाजीही मावते. कमरेच्या दुमडीत पैसे जातात. खिसा नसलेल्या या वस्त्रात वस्तू ठेवायची सोय आजच्या बऱ्याच महागड्या पोशाखांपेक्षा जास्त होती, असं म्हणायला हरकत नाही.

आणि माप? लुगड्याला मापच नसतं. सोळा वर्षांची सून आणि तिची स्थूल सासू एकाच बासनातलं लुगडं नेसू शकत. बाळंतपणाआधी आणि नंतर तेच लुगडं. वय वाढलं, अंग सुटलं, आजारपणात वाळलं, तरी निऱ्यांची संख्या तेवढी कमीजास्त करायची. अंगाबरोबर बदलण्याचं काम कापड करत नव्हतं, ते नेसणारीच्या बोटांकडे होतं. म्हणून लुगडं पेटीत पिढ्यान् पिढ्या राहू शकलं. आईचं ब्लाउज मुलीला उसवून शिवावं लागतं, आईचं लुगडं जसंच्या तसं चालतं.

काष्ट्यामुळे आणखी एक गोष्ट घडते. कापड पायांमधून मागे जातं आणि उलगडून खोचलं जातं, तेव्हा त्याची दुसरी बाजूही दिसू लागते. अशा वस्त्राला उलटी-सुलटी बाजू परवडत नाही. महेश्वरी साडीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी सारखा असतो. अहिल्याबाई होळकरांच्या आश्रयानं वाढलेल्या महेश्वरच्या मागांवर मराठी घराण्यांसाठी नऊवारी विणली जात असे. नर्मदेकाठच्या विणकराला गिऱ्हाईक कसं नेसतं ते पक्कं ठाऊक होतं.

समारंभाचं लुगडं आणि रोजचं लुगडं यांची नेसण एकच, फरक पोतात, काठात आणि पदरात. लग्नात मामाकडून येणारी पिवळी, आहेरातली साडीचोळी, भाद्रपदात महालक्ष्म्यांना नेसवायची नवी कोरी साडी, या सगळ्यांत कापड न शिवलेलं असण्याला मान होता. पूजेच्या सोवळ्यालाही तोच नियम लागू: पुरुषाला मुकटा, बाईला रेशमी लुगडं, दोन्ही अखंड. त्यामुळे औपचारिक पोशाख म्हटला की तो शिवलेला असावा, ही कल्पना या मुलखात बरीच उशिरा आली. अंगात चोळी होती खरी, पण तीही पुढं गाठ मारून बसवायची. सैल-घट्टपणा पुन्हा नेसणारीच्याच हाती.

मात्र ही सगळी सोय सगळ्यांना सारखी मिळत नव्हती. लुगडं गुडघ्यापर्यंत वर ठेवायचं की पायघोळ सोडायचं, हे कित्येक गावांत बाईच्या सोयीवर नव्हे, तिच्या जातीवर ठरे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्य स्त्रियांपुढं भाषण केलं. त्यात लुगडं नेसण्याची पद्धत बदलण्याचं आणि जातीची खूण सांगणारे जड दागिने टाकून देण्याचं आवाहन होतं. अनेक बायकांनी तिथल्या तिथं नेसण बदलली. पुढं १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा सोहळा झाला, तेव्हा लोकांनी पांढरी वस्त्रं घालून यावं असं सांगण्यात आलं होतं. नागपूरच्या भोवतालच्या गावोगावातून माणसं पांढऱ्या साड्या आणि पांढरी धोतरं नेसून दीक्षाभूमीवर लोटली. झेरघाटाच्या मुलखात औपचारिक पोशाखाचा इतिहास लिहायचा तर शालूच्या आधी या पांढऱ्या सुती साडीला जागा द्यावी लागेल. न शिवलेल्या कापडाला एवढा मोठा अर्थ इथं दुसऱ्या कुठल्या प्रसंगानं दिलेला नाही.

या न शिवलेल्या कापडाच्या बाजारावर विलायतेचाही डोळा होता. १८६६ मध्ये ब्रिटिश सरकारी अधिकारी जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी हिंदुस्थानातल्या कापडाच्या ७०० नमुन्यांचे १८ खंड तयार केले. प्रत्यक्ष कापडाचे तुकडे चिकटवलेले असे २० संच निघाले आणि त्यांतले १३ ब्रिटनमध्ये ठेवले गेले. सोबतच्या पुस्तकात त्यांनी मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना समजावलं, की इथला फार मोठा कापडखप पागोटं, धोतर, साडी अशा मागावरून उतरून थेट अंगावर जाणाऱ्या वस्त्रांचा आहे. लांबी, रुंदी, काठ आणि पदर चुकला तर कापड कितीही स्वस्त असो, खपणार नाही. एक बाई निऱ्या कशा करते हे लँकेशायरच्या मालकाला शिकवायला सरकारी खर्चानं अठरा खंड लागले. कोष्ट्याला ते त्याच्या घरातच दिसत होतं.

तरी यंत्रानं आपला वाटा घेतलाच. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. काठाचा लाल रंग पूर्वी आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून काढत, त्याची जागा जर्मन अलिझरीननं घेतली. १८९७ नंतर कृत्रिम नीळही आली. पुढं मालेगावच्या मोमीन विणकरांच्या यंत्रमागांवर रंगीत लुगडी निघू लागली आणि खेड्यातल्या बाजारांतून खपू लागली. पाजणी मागं पडली, तसा पहिल्या नेसणीचा कडकपणाही गेला.

नऊवारीवर मात्र खरी कुऱ्हाड पडली ती कापडाच्या टंचाईची. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, सुती कापड आणि सूत यांवर सरकारी नियंत्रण आलं. मोजून कापड मिळू लागलं, तेव्हा एका नऊवारीत जवळजवळ दोन पाचवारी बसतात हे गणित कुणाला शिकवावं लागलं नाही. शाळेत जाणाऱ्या आणि नोकरी करणाऱ्या मुली तोवर काष्टा नसलेल्या गोल साडीकडे वळूही लागल्या होत्या. या गोल साडीचा एक धागा मुंबईतूनच गेलेला आहे. पहिले भारतीय आयसीएस अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर मुंबई इलाख्यात नेमणुकीवर आले, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी सोबत होत्या. पारशी बायकांची नेसण पाहून त्यांनी परकर-पोलक्यावरची साडी उचलली आणि बंगालात नेली. तिथून ती सुशिक्षित घरांचा बाहेर जायचा पोशाख होऊन देशभर फिरली.

गोल साडीनं भार वाटून घेण्याची पद्धत बदलली. आता सगळ्या निऱ्या परकराच्या एका नाडीत खोचल्या जातात, म्हणजे साडी जागेवर राहावी तर नाडी आवळलेली हवी. पदरासाठी पिन आली. वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकन माणसानं १८४९ मध्ये सेफ्टी पिनचं पेटंट घेतलं आणि ४०० डॉलरला विकून टाकलं. बांगडीत दोन-तीन पिना अडकवलेली बाई आज पांढुर्ण्याच्या कुठल्याही लग्नात दिसते. अडल्या वेळी दुसऱ्या कुणाचा तरी पदर त्याच पिना सावरतात.

आवळण्याची किंमत डॉक्टरांनी मांडून ठेवली आहे. १९४५ मध्ये मुंबईत डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी सवयींशी जोडलेल्या कर्करोगांवर निबंध लिहिला, त्यात धोतराच्या कमरेवरच्या आवळणीतून होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाची नोंद आहे. वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासलं जातं, कातडी काळवंडते, सोलते, जखम होते, ती भरत नाही आणि क्वचित पुढं बिघडते. साडीच्या बाबतीतही हे दिसू लागलं. २०२४ मध्ये वर्धा आणि मधुबनी इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांनी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची प्रकरणं प्रसिद्ध केली. एकीला नऊवारीखाली आवळून बांधलेल्या परकराच्या नाडीनं बरी न होणारी जखम झाली होती. दुसरी परकराशिवाय लुगडं नेसणारी होती, चाळीस वर्षं तेच, कमरेला घट्ट. तेव्हा जुनं ते सगळं निर्धोक, असा निष्कर्ष काढायला हे दुसरं प्रकरण जागा ठेवत नाही. लुगड्याचं बळ वेढ्यांत आणि खोचणीत आहे. गाठ करकचून मारली की तेही नाडीच्याच वाटेनं जातं.

पुरुषांचं काय, ते चार ओळींत संपतं. धोतर, सदरा, खांद्यावर उपरणं, डोक्यावर टोपी किंवा फेटा, एवढ्यात शेतकऱ्याचा बाहेरचा पोशाख पुरा होई, आणि धोतरालाही काष्टाच होता. पँट आली ती शाळा-कचेरीतून, आणि बायकांचा पोशाख बदलण्याच्या कितीतरी आधी घरात शिरली. मग आहेरात धोतराच्या पानाऐवजी पँटपीस-शर्टपीस येऊ लागले. ते शिवायला टाकायचे, शिंप्यानं छाती-कंबर-खांदा मोजायचा, लग्नाच्या आदल्या दिवशी ट्रायलला जायचं. वैशाखातल्या भर दुपारी, अंगाची लाही होत असताना, मांडवात नवरदेव तीन तुकड्यांच्या सुटात उभा असतो. कापड कदाचित बोरगावचंच असतं. हा पोशाख अंगाला बसतो खरा, पण ज्या हवेत तो घालायचा तिचं माप त्याच्या शिंप्यानं कधी घेतलेलं नाही.

नऊवारी मात्र वेगळ्याच दारानं परत आली. डोंबिवलीत १९९९ मध्ये गुढीपाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, तिचं अनुकरण गावोगाव झालं आणि फेटा-नऊवारी घातलेल्या मुली मोटारसायकलवर दिसू लागल्या. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईच्या क्रांती साळवी नऊवारी नेसून बर्लिनची मॅरेथॉन धावल्या. ४२ किलोमीटरचं ते अंतर त्यांनी ३ तास ५७ मिनिटं ७ सेकंदांत पार केलं आणि साडीतल्या सर्वांत जलद मॅरेथॉनचा गिनीज विक्रम त्यांच्या नावावर लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारीत विमानातून पॅराशूट उडी मारली. गोल साडीत यांतलं काही एवढ्या सहज जमेल असं वाटत नाही.

पण आज दुकानांत टांगलेली बहुतेक नऊवारी शिवलेली असते. काष्टा आधीच टाचलेला, निऱ्या मशीनखालून गेलेल्या, कमरेला नाडी किंवा इलॅस्टिक. दोन मिनिटांत चढते, म्हणून ती खपते, आणि त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. ज्या घरात नेसवायला आजी उरलेली नाही तिथं मुलीनं करायचं काय? एवढंच, की शिवल्याबरोबर तिला माप आलं. मीडियम, लार्ज आली. धाकटीला ती बसेलच असं नाही. लुगड्यानं शतकानुशतकं टाळलेली भानगड टाक्याबरोबर घरात आली.

तेव्हा समारंभासाठी शिवलेली नऊवारी घेणार असाल तर दुकानातल्या आरशावर भरवसा ठेवू नका. आरशापुढं उभं राहिलं की सगळंच बसतं. ती घालून दुकानातच मांडी घालून बसा, पाया पडल्यासारखं वाका, दोन पायऱ्या चढा आणि उतरा. बसताना मागचा काष्टा ताणला जात असेल तर बैठकीची उंची कमी पडते आहे, एक माप मोठं मागा. कमरेत दोन बोटं सहज जायला हवीत, नाडी रुंद पट्टीची असावी, दोरीसारखी बारीक नको. नाडीचा वळ रोज एकाच जागी उठत असेल तर जागा बदला, आणि तिथली कातडी काळी किंवा ओली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. आणि घरात जुनं लुगडं असेल, ते नेसवता येणारं कुणी असेल, तर एका रविवारी शिकून घ्या. पहिल्या खेपेला सुती घ्या, रेशमी निसटतं.